हात जिथं लागला, तिथं आधी बघा

इंजिनाची भाषा : भाग ९

गेल्या भागात आपण जुन्या पद्धतीच्या, म्हणजे मेकॅनिकल पंपाच्या सहा सिलिंडर इंजिनाचं हेड उतरवून गॅस्केट बदललं. गाडी पहिल्याच सेल्फला उठली. मिस्त्रीनं हात पुसले, मालकानं पैसे मोजले. पण दुरुस्तीची खरी परीक्षा गॅरेजच्या दारात होत नाही, ती होते चढावर.

समजा, हीच गाडी पुण्यातून माल भरून कोल्हापूरकडे निघाली. सपाटीला काही कुरकुर नाही. खंबाटकीचा चढ लागला आणि निम्म्यात तिचा दम तुटला. रेस दाबली तरी पिकअप नाही, मग गचके, मग बंद. फीड पंपावरचा हँड प्रायमर मारला की पुन्हा चालू, आणि पुढच्या वळणावर पुन्हा तेच. क्लीनर म्हणतो हेड नीट बसलं नाही. ड्रायव्हर म्हणतो पंप गेला. ढाब्यावरचा जाणकार म्हणतो डिझेलात पाणी आहे.

यातलं काहीही खोलण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. हा त्रास कामाच्या आधी होता का? नसेल, तर कामात हात कुठंकुठं लागला? हेड उतरवताना नोझलचे पाइप सुटतात, डिझेलच्या नळ्या बाजूला होतात, हवेचा होज निघतो, वायरिंग आणि अर्थिंगची पट्टी सुटते. यादी एवढीच. पंपाला कोणी हात लावला नसेल, तर त्याचा नंबर शेवटी.

आता यादीतली निम्मी नावं आरशात बघून खोडता येतात. चढावर दम तुटताना सायलेन्सरमधून काळा धूर येत असेल, तर डिझेल भरपूर आहे, हवा कमी पडते आहे. टर्बोकडून येणाऱ्या होजची क्लिप सैल राहिली असेल, किंवा हवेच्या वाटेत फडक्याचा बोळा विसरला असेल. हसू नका, असे बोळे निघतात! धूर न येता नुसती ताकद जात असेल, तर डिझेलच पोचत नाही. आपल्या गाडीला धूर नाही, आणि प्रायमर मारला की ती उठते. म्हणजे तिनं हवा धरली आहे.

एवढीशी हवा इतकं मोठं इंजिन का बंद पाडते? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. तो फवारा सोडायला जुन्या पद्धतीच्या नोझलला साधारण २०० बार दाब लागतो. ट्रकच्या टायरमध्ये असतो ८ बारच्या आसपास. द्रव दाबला तरी जवळजवळ आकसत नाही, म्हणून पंपाचा धक्का थेट नोझलपर्यंत जातो. मध्ये हवेचा बुडबुडा आला की तोच स्प्रिंगसारखा दबतो, धक्का गिळतो, आणि नोझल उघडतच नाही.

मग खाली एक थेंबही का सांडत नाही? इथं चांगले चांगले फसतात. फीड पंपाच्या पुढं डिझेल दाबाखाली असतं, तिथं फट राहिली तर डिझेल बाहेर गळतं. पण टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. तिथली फट बाहेर काही सोडत नाही, ती हवा आत ओढते. चढावर इंजिनाला डिझेल जास्त लागतं, ओढ वाढते, आणि सपाटीला गप्प असलेली फट बोलू लागते.

ती शोधायला पाना लागत नाही, पारदर्शक नळीचा तुकडा पुरतो. फीड पंपाच्या अलीकडे तो जोडा, इंजिन चालू करून रेस वाढवा. बुडबुडे दिसले की चोर टाकीच्या बाजूला आहे. खात्री हवी असेल तर स्वच्छ डिझेलचा कॅन घ्या आणि त्यातून थेट फीड पंपाला नळी द्या. कॅनवर गाडी नीट चालली, तर हेड, पंप आणि नोझल तिन्ही निर्दोष. उरतात टाकीतली नळी, होज, क्लिपा आणि पुन्हा वापरलेले तांब्याचे वायसर. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार बदलल्या तर गाडी बरी होईल, पण रोग कळणार नाही.

फट बुजवली की एअर काढा. फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार येईपर्यंत प्रायमर मारा, आणि धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग पंपावरच्या स्क्रूला तसंच. तरीही गाडी उठली नाही तर दोन नोझलचे नट सैल करून थोडा थोडा सेल्फ मारा.

शेवटची ही युक्ती फक्त मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो, त्या नळ्यांचे नट चालू इंजिनावर सैल करायचे नाहीत. गळतीवर बोट फिरवून बघणंही नाही, पुठ्ठा धरा. तो फवारा कातडीतून आत शिरतो. जखम सुई टोचल्याएवढी दिसली तरी तडक इस्पितळ गाठा.

आपल्या गाडीत निघाली होजवरची एक अर्धवट आवळलेली क्लिप. हेडच्या कामात जागा हवी म्हणून तो होज बाजूला घेतला होता. गॅस्केटचं काम चोखच होतं. म्हणून गाडी सोडण्यापूर्वी सुटलेला प्रत्येक जोड कागदावर लिहा, आणि आवळल्यावरच त्यावर काट मारा.

पुढच्या आठवड्यात : हेड बसवल्यावर पांढरा धूर, तो डिझेलचा की पाण्याचा?