ठेच आणि स्मरण

पाश्चर संस्थेतले पशुवैद्य गास्तों रामों १९२०च्या दशकात घोड्यांना घटसर्पाची लस टोचत. टोचल्या जागी गळू आलेल्या घोड्यांच्या रक्तात प्रतिद्रव्यं जास्त सापडत. मग त्यांनी लसीत मुद्दाम टॅपिओका मिसळला. आपला साबुदाणा होतो तोच. प्रतिद्रव्यं वाढली.

यातून मला उमगलं ते असं: शरीर नुसत्या परक्याला नीट लक्षात ठेवत नाही, सोबत धोक्याची खूण लागते. ती देणारं ते सहायक द्रव्य.

नागीण घ्या. कांजिण्यांचा विषाणू मज्जापेशींत दबा धरून बसतो आणि उतारवयात उसळतो. २००६ साली अमेरिकेत आलेल्या लसीत अख्खा, दुबळा केलेला जिवंत विषाणू होता. तरी तिनं नागीण जेमतेम निम्मी रोखली, आणि तो प्रभावही ओसरत गेला. २०१७च्या शिंग्रिक्समध्ये विषाणूचं एकच प्रथिन आहे. पण जोडीला दोन सहायक द्रव्यं. एक साल्मोनेला जिवाणूच्या आवरणातलं, विषारीपणा काढलेलं. दुसरं चिलीतल्या झाडाच्या सालीतलं, आपल्या रिठ्यासारखं फेसाळणारं. त्यांनी सावध झालेल्या पेशी लसिकाग्रंथींत जाऊन टी-पेशींना जागं करतात. सत्तरीपुढेही सुमारे ९० टक्के संरक्षण मिळालं, आणि दहा वर्षांनंतरही त्यातलं बरंचसं टिकलं.

याची किंमत म्हणजे दुखरा दंड आणि दोनेक दिवसांची कणकण. तिला भिऊन दुसरा डोस टाळू नये. नागीण गेल्यावरही महिनोन् महिने राहणाऱ्या आगीपुढे ही ठेच मला फार स्वस्त वाटते.