मानसिक आजाराची गोळी सुरू आहे. गाडी, ट्रॅक्टर चालवायचा का?

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रात्री-बेरात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. त्यातल्या एखाद्या ड्रायव्हरला डिप्रेशनची किंवा संशयाच्या आजाराची गोळी सुरू असते. मालकाला कळलं तर काम जाईल, आरटीओला कळलं तर लायसन्स जाईल, या भीतीनं तो एकतर गोळी लपवून खातो, नाहीतर हंगामापुरती बंदच करून टाकतो. यातलं दुसरं जास्त धोक्याचं आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. आजाराचं नाव काय आहे यापेक्षा त्या आजारामुळे माणसाचं गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल का, हे तो बघतो. तसं दिसलं तरच लायसन्स नाकारता येतं. आधी दिलेलं लायसन्सही आरटीओ सबळ कारण असेल तर रद्द करू शकतं किंवा नव्यानं वैद्यकीय दाखला मागू शकतं. आपण गाडी चालवण्याच्या स्थितीत नाही हे माहीत असूनही कोणी रस्त्यावर गाडी चालवली, तर पहिल्या वेळी १,००० आणि पुढच्या वेळी २,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

मालवाहू किंवा प्रवासी गाडीच्या लायसन्सला डॉक्टरांचा दाखला लागतो, त्याला नमुना १-अ म्हणतात. त्यात मुख्य भर नजर, कान आणि हातापायांवर आहे. मन पाच मिनिटांच्या तपासणीत दिसत नाही. दाखल्यावर सही करणाऱ्या डॉक्टरला आपण सांगू तेवढंच कळतं. म्हणून खरा निर्णय ज्यांच्याकडे उपचार सुरू आहेत त्या मानसोपचार तज्ज्ञांनाच विचारायला हवा.

ते काय बघतात? आजार आत्ता कोणत्या टप्प्यात आहे, हे आधी. कानात आवाज येतायत, कोणीतरी पाठलाग करतंय असं वाटतंय, चार-चार रात्री झोप नाही तरी अंगात वारं भरल्यासारखी ताकद वाटतेय, किंवा जीव द्यायचे विचार येतायत, अशा वेळी स्टिअरिंगला हात लावू नये. तोच माणूस उपचारानं सावरला की पुन्हा गाडी चालवू शकतो. ब्रिटनमध्ये अशा तीव्र आजारानंतर साधारण ३ महिने तब्येत स्थिर राहिली तर कार आणि १२ महिन्यांनी ट्रक-बस, असा हिशोब ठरलेला आहे. आपल्या कायद्यात महिने मोजून दिलेले नाहीत, त्यामुळे डॉक्टरांच्या शब्दाला जास्त वजन येतं.

दुसरी गोष्ट गोळीची. झोपेच्या, घबराटीच्या आणि संशयाच्या आजारावरच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. नवीन गोळी सुरू झाली किंवा डोस वाढला की पहिले काही दिवस हा त्रास जास्त असतो. वर दारू घेतली तर विचारूच नका. लिथियम घेणाऱ्यानं उन्हाळ्यात फार जपावं. घाम, जुलाब-उलटीनं अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, हात कापतात, तोल जातो. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या अंगदुखीच्या काही गोळ्यांनीही तसंच होतं.

शेतात लायसन्स कोणी विचारत नाही. पण रोटाव्हेटर चालू असताना ट्रॅक्टरवर डुलकी लागली तर काय होतं, ते शेतकऱ्याला सांगायला नको.

गुंगी येते म्हणून गोळी सोडू नका. 'मी रात्री ट्रॅक्टर चालवतो' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गोळीची वेळ बदलता येते, डोस कमी-जास्त करता येतो, दुसरं औषधही देता येतं. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जिवाला धोका टाळण्यासारखे मोजकेच अपवाद त्याला आहेत. त्यामुळे खरं सांगितलं म्हणून गावभर होईल, ही भीती नको.

तालुक्याला तज्ज्ञ नसतील तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवता येतं. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर २४ तास सुरू असतो. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.