मागे राहिलेले बालक आणि घरातील उपचार

मुलाची वाढ आणि मुलाचा विकास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाढ तराजूवर व फूटपट्टीवर मोजता येते. विकास मोजायचा तर मूल काय करू लागले आहे ते पाहावे लागते. मान धरणे, आईचा चेहरा ओळखून हसणे, कुशीवर वळणे, बसणे, वस्तू चिमटीत धरणे, हाक मारताच वळून पाहणे, पहिला शब्द उच्चारणे, या सर्व विकासाच्या पायऱ्या होत. ज्या वयात बहुतेक मुले एखादी पायरी ओलांडतात, त्या वयानंतर बराच काळ लोटूनही मूल तेथेच थांबले असेल, तर त्याच्या विकासास विलंब होत आहे असे म्हणतात.

अशा वेळी घरातील वडील माणसे बहुधा धीर देतात. याचा बापही उशिराच बोलला, असे सांगितले जाते. ते कित्येकदा खरेही असते. परंतु ते खरे ठरेल की नाही, याची वाट पाहण्यात वर्ष-दोन वर्षे निघून जातात. आयुष्याची पहिली तीन वर्षे मेंदूच्या जडणघडणीची असतात. या काळात मेंदूतील पेशींची परस्परांशी जोडणी अतिशय वेगाने होते आणि जी जोडणी वारंवार वापरली जाते ती बळकट होते. म्हणून या वर्षांत केलेल्या थोड्या श्रमाचे जे फळ मिळते, ते पुढे पुष्कळ श्रम करूनही मिळणे कठीण जाते.

उशीर कशाला म्हणावे?

प्रत्येक मुलाची चाल वेगळी असते. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी मुलांचे निरीक्षण करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनुसार आधाराशिवाय बसण्याचे वय ३.८ ते ९.२ महिने आणि एकट्याने चालण्याचे वय ८.२ ते १७.६ महिने इतके पसरलेले आढळले. शंभरांतील सुमारे चार मुले तर हातागुडघ्यांवर न रांगताच चालू लागली. तेव्हा शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले आणि आपले तेराव्या महिन्यातही चालत नाही, एवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु दहाव्या महिन्यातही न बसणारे किंवा दीड वर्षाचे होऊनही न चालणारे मूल तपासून घेतलेच पाहिजे. मूल अपुऱ्या दिवसांचे असेल, तर जेवढे आठवडे आधी जन्मले तेवढे त्याच्या वयातून वजा करूनच हिशेब करावा. ही वजाबाकी साधारणपणे दोन वर्षांपर्यंत करतात.

भारतीय मुलांसाठी असे मोजमाप तयार करण्याचे मोठे काम बडोद्यास झाले. प्रमिला फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील बालकांचा दीर्घकाळ अभ्यास करून परदेशी कसोट्यांना भारतीय प्रमाणांचा आधार दिला. त्यातूनच अर्भकांसाठीची भारतीय विकासमापन श्रेणी तयार झाली. तिच्या सुधारित रूपात शारीरिक हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी आहेत. अडीच वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ही श्रेणी तज्ज्ञ आजही वापरतात.

घरातील प्रयत्नांस आरंभ करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी व्हावयास हवी. न बोलणाऱ्या मुलाची श्रवणशक्ती प्रथम तपासावी. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापुढे कितीही बोलले तरी शब्द फुटणार नाही. थायरॉइड ग्रंथीच्या स्रावाची कमतरता वेळीच ओळखली तर औषधाने भरून काढता येते. दृष्टिदोष, रक्तक्षय आणि फेफरे यांवरही उपाय आहेत. येत असलेली गोष्ट मूल विसरू लागले, शब्द बोलत होते ते बंद झाले, किंवा अंग फार ताठ वा फार लुळे वाटू लागले, तर एक दिवसही न दवडता डॉक्टरांकडे जावे.

दवाखाना दूर, घर जवळ

उपचार मोठ्या शहरात आणि मूल लहान गावात, ही नेहमीची अडचण आहे. मध्य प्रदेशातील पनागर हे गाव जबलपूरच्या ईशान्येस आहे, तर जबलपूरचे नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय शहराच्या दुसऱ्या अंगास, नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पनागरसारख्या गावातून मुलाला कडेवर घेऊन दर आठवड्यास तेथवर जायचे, तर आईचा दिवस आणि बापाची मजुरी दोन्ही खर्ची पडतात. पहिले काही आठवडे उत्साहाने फेऱ्या होतात. पुढे पावसाळा येतो, घरात कोणी आजारी पडते, आणि उपचार थांबतो. शिवाय जो उपचार आठवड्यातून एकदा अर्धा तास होतो, त्याला उरलेल्या सहा दिवसांची जोड मिळाली नाही तर तो मुलाच्या अंगवळणी कसा पडावा?

हाच प्रश्न अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या ग्रामीण भागातही पडला होता. तेथील पोर्टेज या गावी १९६९ साली एक योजना सुरू झाली. मुले सुमारे ३,६०० चौरस मैलांच्या प्रदेशात विखुरलेली होती. त्यांना एका वर्गात आणणे अशक्य होते. म्हणून शिक्षकच आठवड्यातून एकदा घरी जाऊ लागले. शिक्षकाने मुलाला शिकवून परत यावे, अशी मात्र ही योजना नव्हती. त्याने आईला एक छोटी कृती करून दाखवायची, आईकडून ती करवून घ्यायची, आणि पुढील आठवडाभर तिने ती रोज करायची, अशी पद्धत होती. या योजनेच्या १९७६ च्या आवृत्तीत जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या ५८० कृती क्रमवार दिलेल्या आहेत. हीच पद्धत १९८० पासून तेहल कोहली यांनी चंदीगडमध्ये भारतीय कुटुंबांसाठी वापरली.

घरभेटींचे फळ किती दूरवर पोहोचते, हे जमैकातील एका अभ्यासाने दाखविले. किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये ९ ते २४ महिने वयाची, कुपोषणामुळे खुरटलेली १२९ मुले निवडण्यात आली. त्यांतील काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्यास तासभर जात आणि टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे ते आईला दाखवीत. वीस वर्षांनंतर पाहिले, तेव्हा ज्यांच्या घरी या भेटी झाल्या होत्या त्यांची कमाई तशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा पंचवीस टक्क्यांनी अधिक भरली.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी हेच केले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली, आणि दगड, शिंपले, पाने, बिया यांचेच शैक्षणिक साहित्य बनविले.

एका कृतीच्या अनेक पायऱ्या

घरातील उपचाराचे मर्म दोन गोष्टींत आहे. कृतीचे लहान तुकडे पाडणे ही पहिली आणि त्या कृती दिवसाच्या नेहमीच्या कामांत गुंफणे ही दुसरी.

हाताने घास खाण्याचेच उदाहरण घेऊ. मोठ्यांना ही एकच कृती वाटते. परंतु तीत ताटाकडे पाहणे, हात नेणे, बोटे मिटणे, घास उचलणे, तो तोंडापर्यंत नेणे आणि तोंडात सोडणे अशा सहा पायऱ्या आहेत. मागे राहिलेल्या मुलाला त्या एकदम जमत नाहीत. अशा वेळी शेवटच्या पायरीपासून आरंभ करावा. आईने मुलाच्या हातावर आपला हात ठेवून घास ओठांपर्यंत न्यावा आणि तेथे आपला हात सैल सोडावा. उरलेले दोन बोटांचे अंतर मुलाने पार करायचे. घास तोंडात पडला की त्याचे बक्षीस त्याला तत्काळ मिळते. ते जमू लागले की हात थोडा आधी सोडावा, मग आणखी आधी. याप्रमाणे प्रत्येक प्रयत्नाचा शेवट यशात होतो आणि मुलाची उमेद टिकते. अंगरखा घालणे, हात धुणे, पेला तोंडास लावणे या गोष्टीही याच रीतीने शिकविता येतात.

एका आठवड्यास एक किंवा फार तर दोन कृती पुरेत. वहीत तारीख घालून चार प्रयत्नांपैकी किती जमले याची खूण करावी. सलग काही दिवस तीन-चार वेळा जमले तर पुढची पायरी घ्यावी. आठवडाभर एकदाही जमले नाही तर पायरी मोठी झाली असे समजून तिचे आणखी दोन तुकडे करावेत. दोष पायरीचा आहे, मुलाचा नाही, हे आईने पक्के लक्षात ठेवावे.

शरीर, हात आणि बोलणे

मान किंवा पाठ अशक्त असलेल्या बाळाला ते जागे असताना, नजरेसमोर ठेवून, दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ पालथे घालावे. छातीखाली गोधडीची छोटी वळकटी ठेवली तर मान उचलणे सोपे जाते. झोपवताना मात्र उताणेच निजवावे. बसू न शकणाऱ्या मुलाला खोलीच्या कोपऱ्यात, दोन्ही भिंतींचा आधार देऊन बसवावे आणि समोर पाटावर खेळणे ठेवावे. उभे राहणाऱ्या मुलास आपला जुना पांगुळगाडा उपयोगी पडतो. कारण तो ढकलण्यासाठी मुलाला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते. ज्यात मूल नुसते लोंबकळते तो बैठकीचा चाकांचा गाडा मात्र टाळावा. त्याने चालणे लवकर येत नाही आणि अपघात होतात. अंग ताठ असलेल्या किंवा चवड्यांवर उभे राहणाऱ्या मुलाला कसे धरावे, हे भौतिकोपचार तज्ज्ञाकडून प्रत्यक्ष पाहूनच करावे. हलक्या हाताची मालिश सुखावह असते. हातपाय जोराने ओढणे आणि नाका-कानांत तेल सोडणे घातक आहे.

बोटांच्या कामासाठी स्वयंपाकघर पुरेसे आहे. डब्याचे झाकण काढणे, वाटीतून वाटीत चमच्याने डाळ घालणे, कणकेचा गोळा दाबणे, वाटाण्याच्या शेंगा सोलणे ही सर्व कामे उपचारच होत. चणे, शेंगदाणे यांसारख्या घशात अडकणाऱ्या वस्तू मात्र मुलाच्या हाती एकट्याने देऊ नयेत.

बोलणे शिकविण्यासाठी वेगळा वर्ग भरविण्याची गरज नसते. अंघोळ घालताना पाणी, कान, पाय ही नावे घ्यावीत; वाक्ये आखूड असावीत. मूल पाहील त्या वस्तूचे नाव घ्यावे. दूध हवे की केळे, असे दोन्ही पुढे धरून विचारावे आणि मग थांबावे. हे थांबणे सर्वांत कठीण असते. मनात दहा अंक मोजेपर्यंत गप्प राहिले, तर मूल नजरेने, बोटाने किंवा आवाजाने उत्तर देते. हाताच्या खुणेलाही शब्दाइतकाच मान द्यावा. खुणांमुळे बोलणे अडत नाही. बडबडगीते, टाळ्या, बोटांचे खेळ यांत तेच शब्द त्याच क्रमाने परत येतात, म्हणून ते मुलाच्या स्मरणात राहतात. मोबाइलच्या पडद्याकडून असे उत्तर-प्रत्युत्तर मिळत नाही. दोन वर्षांच्या आत मुलाला पडदा दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले.

घरात मराठी आणि दारात हिंदी असलेल्या जबलपूरकडील कुटुंबांना अनेकदा सल्ला मिळतो की, मूल गोंधळते, तेव्हा मराठी बंद करा. या सल्ल्यास संशोधनाचा आधार नाही. दोन भाषा ऐकल्याने विकासास विलंब होत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या अभ्यासातही तसे आढळलेले नाही. आईला ज्या भाषेत लाडाने, सहज बोलता येते, तीच भाषा तिने बोलावी.

आईचे बळ आणि घराच्या मर्यादा

या सर्व कामाचा भार एकट्या आईवर पडला, तर ती थकते आणि मूल तिच्या दृष्टीने रोगी होऊन बसते. बापाने अंघोळीचा वेळ घ्यावा, आजीने गाण्यांचा, भावंडांनी खेळाचा. दिवसातील काही वेळ असा असावा की त्यात काहीही शिकवायचे नाही. मुलाला नुसते मांडीवर घ्यायचे. पाप, ग्रहण, आईने गरोदरपणी केलेली चूक अशी कारणे शोधण्यात काही अर्थ नाही. त्यांनी मुलाचे एकही पाऊल पुढे पडत नाही.

घरातील प्रयत्नांनी प्रत्येक मूल इतरांच्या बरोबरीस येईल, असे वचन कोणी देऊ नये. विलंबाचे कारण काय, त्यावर पुष्कळ अवलंबून असते. काही मुले वर्षभरात अंतर भरून काढतात. काहींना जन्मभर आधार लागतो. परंतु आपला घास आपल्या हाताने खाणे, तहान लागल्याचे सांगता येणे, स्वतः शौचास जाता येणे यांमुळे त्या मुलाच्या आणि घराच्या जीवनात पडणारा फरक फार मोठा असतो.

शासकीय साहाय्यही आता घराच्या जवळ आले आहे. गावातील आशा कार्यकर्ती बाळाच्या पहिल्या सहा आठवड्यांत आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यांत घरी येते. त्या वेळी मनातील शंका तिला सांगावी. ज्या जिल्ह्यात ताराबाईंनी अंगणात शाळा भरविली, त्याच पालघरला ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. मुलांची तपासणी करून विकासातील विलंब ओळखणे हा त्याचा एक हेतू आहे, आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर केंद्रांची योजना आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या, लक्षणीय अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलास जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा अधिकार दिला आहे.

तपासणीस जाताना आईने आपली वही बरोबर न्यावी. डॉक्टर मुलाला पंधरा मिनिटे पाहतात. आईने ते वर्षभर पाहिलेले असते. कोणत्या महिन्यात मान सावरली, कोणत्या दिवशी पहिला घास तोंडात गेला, हे त्या पानांवर लिहिलेले असते, आणि पुढील पायरी कोणती असावी हे ठरविण्यास डॉक्टरांनाही त्याच पानांचा आधार होतो.