ट्रेलर मोठा, चढ लांब, इंजिन कोणतं?

आपल्याकडे पिकप म्हटलं की भाजीच्या क्रेट आणि सिमेंटच्या गोण्या वाहणारी गाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतली ‘हेवी ड्यूटी’ पिकप यापेक्षा अगदी वेगळ्या कामाची. ती घोड्यांचे ट्रेलर ओढते, गवताचे गठ्ठे ओढते, स्वयंपाकघर-शयनगृहासह चाकांवर बांधलेलं घर ओढत रॉकी पर्वत ओलांडते. मागे पाच-सहा टन सहज असतात. त्यासाठी फोर्डचं पॉवरस्ट्रोक घ्यावं, शेवरलेचं ड्युरामॅक्स की रॅममधलं कमिन्स, यावर एकाच घरातल्या सख्ख्या भावांचं पटत नाही.

यातल्या कमिन्सशी आपली जुनी ओळख आहे. मूळ कंपनी इंडियानातल्या कोलंबस गावची, १९१९ची. १९६२मध्ये किर्लोस्कर कमिन्स पुण्यात कोथरूडला उभी राहिली. १९८९च्या डॉज पिकपमध्ये कमिन्सचं जे ५.९ लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं डिझेल इंजिन आलं, ते मुळात पिकपसाठी घडवलेलंच नव्हतं. ट्रॅक्टर बनवणाऱ्या केस कंपनीबरोबर विकसित केलेलं ते कामकरी इंजिन. अश्वशक्ती अवघी १६०, पण टॉर्क ४०० पौंड-फूट, तोही अगदी कमी फेऱ्यांत. शेतकऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं. याच घराण्यातली इंजिनं पुढे जमशेदपूरच्या टाटा कमिन्स कारखान्यातून टाटाच्या ट्रकांत गेली.

डॉजची तीच पिकप आज रॅम नावाने विकली जाते; तिच्यातल्या ६.७ लिटर कमिन्सचा टॉर्क १०७५ पौंड-फूट आहे आणि फोर्डचं सर्वांत ताकदवान डिझेल १२००वर पोचलंय. जाहिराती या आकड्यांवरच चालतात. पण टॉर्क गिअर बदलून हवा तेवढा वाढवता येतो. लांब चढावर वेग किती टिकेल हे शेवटी अश्वशक्तीच ठरवते. जास्त टॉर्कचा फायदा एवढाच, की ती अश्वशक्ती इंजिन न किंचाळता, कमी फेऱ्यांत मिळते. हाही फायदा लहान नाही. दिवसभर गाडी हाकणाऱ्याच्या कानांना विचारा.

कोलरॅडोत डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यातून ११,१५८ फुटांवर खंडविभाजक ओलांडतो. दोन्ही बाजूंना सात टक्क्यांपर्यंत चढ. गाडी आणि ट्रेलर मिळून नऊ टन धरले, तर सात टक्क्यांच्या चढावर ताशी ६० मैल राखायला नुसत्या गुरुत्वाकर्षणापोटीच सुमारे २२५ अश्वशक्ती लागते. वारा आणि टायरचं घर्षण धरून हिशेब तीनशेच्या पुढे जातो. फोर्डच्या ७.३ लिटर पेट्रोल इंजिनाची ताकद समुद्रसपाटीला ४३० अश्वशक्ती. मात्र त्याला टर्बो नाही. अशा इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्के घटते, म्हणजे बोगद्यापाशी तीनशेहूनही कमी उरते. मग गिअर उतरवा, इंजिन चार-पाच हजार फेऱ्यांवर गरगरवा आणि उजवी लेन धरा. डिझेलचा टर्बो विरळ हवा दाबून भरतो, त्यामुळे त्याची घट फारशी जाणवत नाही. ह्यूस्टनच्या सपाटीवर राहणाऱ्याला मात्र या सगळ्याशी काही देणंघेणं नाही.

उताराचा विचार खरेदी करताना फार कमी लोक करतात. पाय काढला की पेट्रोल इंजिन हवा अडवून थोडाफार रोध करतं. डिझेलला तशी झडप रोखून धरत नाही, म्हणून नुसत्या डिझेल इंजिनाचा रोध कमीच. पण आजच्या टर्बोची पाती मिटून एक्झॉस्ट कोंडता येतो, आणि हा एक्झॉस्ट ब्रेक इतका जोरकस असतो की लांब उतारावर पायाचा ब्रेक क्वचितच लागतो. बोगद्याकडून सिल्व्हरथॉर्नला उतरताना ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रस्त्याकडेला खडीचे चढ करून ठेवलेत. माझ्या मते डिझेलसाठी जास्त पैसे मोजण्याचं पहिलं कारण हा ब्रेक आहे, चढ त्यानंतर.

आता ज्या गोष्टीपाशी बहुतेकांचा हिशेब चुकतो, ती. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळं लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त भार घालू नका, असं त्यावर लिहिलेलं असतं. ट्रेलर मागून ओढला जातो हे खरं, पण त्याच्या वजनाचा एक हिस्सा पिकपच्या पाठीवर बसतो. बैलगाडीत जुवावर थोडा भार हवाच, नाहीतर गाडी उलाळ होते, तसंच हे. साध्या हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या मागच्या जोडावर, ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार येतो, पाठीत अडकवायच्या ‘फिफ्थ व्हील’ ट्रेलरला २० टक्क्यांच्या आसपास. त्याहून कमी ठेवला तर ट्रेलर शेपूट हलवू लागतो. म्हणजे १४ हजार पौंडांच्या, सव्वासहा टनांच्या घराचे २८०० पौंड तुमच्या मागच्या आसावर. बायको, मुलं, कुत्रा आणि हिचचं लोखंड वेगळंच.

आणि इथे डिझेल आडवं येतं. मधल्या, म्हणजे ‘पाऊण टनी’ वर्गातल्या अनेक पिकपची भारासकट मर्यादा १० हजार पौंडांवर बांधलेली असते. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कित्येक शे पौंड जड. ते वजन वाहायच्या भारातूनच वजा होतं. ताकदीसाठी डिझेल घेतलेल्या चार दारांच्या गाडीच्या लेबलावर पुष्कळदा दोन-अडीच हजार पौंडच उरतात, आणि तोच ट्रेलर पेट्रोलवाल्याला नियमात बसतो. ज्याला डिझेलही हवं आणि मोठं फिफ्थ व्हीलही, त्याने थेट ‘एक टनी’ गाडी, शक्यतो मागे चार चाकांची, पाहावी. पार्किंगचा त्रास मग सोसावाच लागतो.

कंपन्यांच्या ओढक्षमतेच्या आकड्यांवर पूर्वी कुणाचं नियंत्रण नव्हतं. आता जे२८०७ नावाचं मानक आहे. त्यात अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस धरणापासूनचा ११.४ मैलांचा चढ एसी पूर्ण चालू ठेवून, किमान ताशी ४० मैलांनी चढावा लागतो, मागे चार चाकं असतील तर ३५ने. टोयोटाने ते सर्वांत आधी पाळलं, बाकीचे रखडत आले.

पैशांचं सांगायचं तर डिझेलला दहा हजार डॉलरच्या आसपास जास्त पडतात. वर युरियाचं द्रावण भरत राहायचं. रोज पाच मैलांवर ऑफिसला जाणाऱ्याच्या गाडीत काजळीचा फिल्टर नीट तापतच नाही, मग तो तुंबतो. वर्षातून चार-सहा वेळा बोट तळ्यावर नेणाऱ्याने पेट्रोल घ्यावं आणि मागच्या आसाचं गुणोत्तर ४.३०सारखं मोठं मागावं. ओढीत पडणारा फरक त्याला स्वस्तात मिळतो. दर आठवड्याला डोंगर ओलांडणाऱ्याने डिझेलच घ्यावं.

आणि शोरूममध्ये जाण्याआधी ट्रेलर पाणी, गॅस, भांडी-कुंडी भरून हायवेवरच्या ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर चढवावा. माहितीपत्रकातलं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं.