अतिकठीण सुडोकूंचा संग्रह : निर्मिती व विस्तार

दिलेले अंक जितके कमी तितके सुडोकू कठीण, हा समज सदोष आहे. एकमेव उत्तरासाठी किमान १७ अंक आवश्यक असल्याचे गॅरी मॅकग्वायर व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने दाखविले. तथापि १७ अंकी अनेक कोडी सहज सुटतात. काठिण्य ठरते ते उकलीतील सर्वांत अवघड तार्किक पायरीवरून. संग्रह वाढविताना ज्ञात कठीण कोड्यातील एक-दोन अंक काढून अन्यत्र अंक भरले जातात. उत्तर एकमेव राहिल्यास काठिण्य मोजले जाते. मात्र अंकांची अदलाबदल, ओळी-स्तंभांची फेरमांडणी यांमुळे एकाच कोड्याची सुमारे १.२ लाख कोटी रूपे संभवतात. म्हणून प्रत्येक कोडे प्रमाणरूपात आणून पुनरावृत्ती वगळणे अनिवार्य ठरते. अन्यथा संख्या वाढते, संग्रह समृद्ध होत नाही.