गेममध्ये तासभर रमणारे मूल अभ्यासाला दहा मिनिटे का बसत नाही?

लेखमाला : समजून घेऊ एडीएचडी (भाग ४)

मागच्या भागात आपण निदानाचे निकष पाहिले. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या नियमावलीत अवधानाशी संबंधित नऊ आणि अतिचंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणे दिली आहेत. यांपैकी एका गटातली निदान सहा लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, आणि त्यांची सुरुवात वयाच्या बाराव्या वर्षाआधी झालेली असायला हवी. हे सगळे ऐकून घेतल्यावर पालक बहुधा एकच प्रश्न विचारतात. 'मोबाइलवर गेम खेळायला बसला की हाक मारलेली ऐकू येत नाही, क्रिकेटचे सगळे आकडे तोंडपाठ आहेत, मग याला लक्ष देता येत नाही असे कसे म्हणायचे? अभ्यासाचा कंटाळा आहे, दुसरे काही नाही.' हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, कारण पालकांचे निरीक्षण अगदी बरोबर असते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकतो. गेममध्ये हरवून जाणे आणि गृहपाठाला न टिकणे या दोन्ही गोष्टी एकाच अडचणीतून येतात, आणि ती अडचण समजली नाही तर पुढचे सगळे उपाय भलत्याच दिशेने जातात.

गेममध्ये काय असते ते पाहा. दर दोन-चार सेकंदांनी काहीतरी घडते, केलेल्या कृतीचे फळ तिथल्या तिथे दिसते, चूक झाली तर ताबडतोब कळते आणि लगेच नवी संधी मिळते. मुलाचे लक्ष तिथे बाहेरून धरून ठेवले जाते. भागाकाराची दहा उदाहरणे सोडवताना असे काहीच नसते. ती तपासली जाणार उद्या, गुण मिळणार सहामाहीत, आणि त्यांचा उपयोग आहे असे मोठी माणसे सांगतात तो आणखी कित्येक वर्षांनी. म्हणजे इथे लक्ष आतून, स्वतःच्या बळावर टिकवावे लागते. एडीएचडीमध्ये कमी पडते ते हेच. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ एडमंड सोनुगा-बार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये एक बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांपुढे दोन पर्याय होते: आत्ता छोटे बक्षीस किंवा थोडे थांबून मोठे. छोटे बक्षीस घेतल्याने एकूण ताटकळणे कमी होत असेल तर अतिचंचल मुले तेच निवडत. पण काहीही निवडले तरी एकूण वेळ तेवढाच जाणार अशी मांडणी केली, तेव्हा तीच मुले इतर मुलांसारखी थांबून मोठे बक्षीस घेऊ लागली. ही मुले थांबूच शकत नाहीत असे यातून दिसत नाही. रिकामे ताटकळणे त्यांना इतरांपेक्षा जास्त जड जाते, एवढे मात्र स्पष्ट दिसते.

दुसरा पुरावा सातत्याच्या अभावाचा आहे. पडद्यावर ठरावीक चिन्ह दिसले की बटण दाबायचे, अशा कंटाळवाण्या चाचणीत एडीएचडी असलेल्या मुलाचा प्रतिसाद कधी झटकन येतो, तर कधी फार उशिरा. सरासरी वेगापेक्षा ही चढउतारच संशोधकांना पुन्हा पुन्हा आढळली आहे. शिवाय कामाचा वेग वाढवला आणि बक्षीस जोडले की ती बरीच कमी होते. 'काल तर सगळे नीट केलेस, मग आज काय झाले?' हा घराघरांत विचारला जाणारा प्रश्न म्हणूनच मुलावर अन्याय करतो. काल जमले हा आज मुद्दाम केले नाही याचा पुरावा मानला जातो, पण कधी जमणे आणि कधी न जमणे हेच तर या अवस्थेचे रूप आहे. मेंदूच्या वाढीचा अभ्यासही याला जुळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत फिलिप शॉ यांच्या गटाने २००७ मध्ये एडीएचडी असलेली २२३ आणि नसलेली तितकीच मुले तपासली. मेंदूच्या बाह्यावरणाची जाडी कमाल पातळीला पोहोचण्याचे मधले वय इतर मुलांत सुमारे साडेसात, तर या मुलांत सुमारे साडेदहा होते. सर्वांत जास्त दिरंगाई कपाळामागच्या भागात होती, म्हणजे स्वतःला आवरणे, योजना आखणे ही कामे जिथे चालतात तिथे. हालचालींशी संबंधित भाग मात्र किंचित लवकरच परिपक्व झाला होता. अर्थात ही गटांची सरासरी आहे. एकट्या मुलाचे स्कॅन काढून निदान करता येत नाही, आणि तसा दावा कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

यावर दुसरा आक्षेप येतो: कंटाळवाणे काम कोणाला आवडते? मग आपल्या सगळ्यांनाच एडीएचडी आहे की काय? रक्तदाबही सगळ्यांनाच असतो, तरी एका मर्यादेपुढे तो अवयवांना इजा करू लागतो आणि तिथून आपण त्याला आजार म्हणतो. इथेही फरक प्रमाणाचा आहे, आणि ते प्रमाण शिक्षण, मैत्री, सुरक्षितता यांना बाधा आणते का, हीच कसोटी आहे. या आक्षेपात एक खरा इशाराही दडलेला आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जिथे शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबर ही सीमारेषा होती त्या राज्यांत, ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांत निदानाचे प्रमाण दर दहा हजारांत ८५.१ होते, तर सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांत ६३.६. वर्गातल्या सर्वांत लहान मुलांचे कोवळेपण कधीकधी विकार ठरवले जात होते, असाच याचा अर्थ होतो. आपल्याकडेही पहिलीच्या एकाच बाकावर जवळजवळ वर्षाचे अंतर असलेली मुले बसतात. निदान करणाऱ्याने जन्मतारीख पाहिलीच पाहिजे. पण काही निदाने घाईने होतात म्हणून सगळीच खोटी ठरत नाहीत.

मोबाइलमुळेच हे सगळे आले, असे म्हणणाऱ्यांनी जरा मागे पाहावे. जॉर्ज स्टिल यांनी लंडनमध्ये १९०२ मध्ये दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन सापडते. त्यांनी मात्र त्याला नैतिक संयमाचा दोष मानले होते. १९३७ मध्ये चार्ल्स ब्रॅडली यांनी र्‍होड आयलंडमधल्या बालरुग्णालयात ३० मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिले, आणि जवळपास निम्म्या मुलांच्या शालेय कामात लक्षणीय सुधारणा पाहिली. तेव्हा घरात दूरदर्शनही नव्हते. जुळ्यांच्या अभ्यासांतून या अवस्थेतला आनुवंशिक वाटा ७० टक्क्यांच्या वर निघतो. मोबाइल झोप खातो आणि अडचण वाढवतो, त्यामुळे त्याला आवर घालणे योग्यच आहे. पण आईच्या लाडांना आणि वडिलांच्या नोकरीला दोष देऊन काही साधत नाही.

हे पटले तर घरातल्या शिस्तीची रचना बदलावी लागते. 'दहावीला कळेल' ही धमकी या मुलांवर चालत नाही, कारण ती फार लांबची आहे. शनिवारी मिळणारी शिक्षा बुधवारच्या चुकीला सुधारत नाही. तास-दीड तासाच्या बैठकीऐवजी दहा मिनिटांचे काम द्यावे, ते तिथेच तपासावे, जमले त्याचे तिथेच कौतुक करावे, उरलेला वेळ डोळ्यांना दिसेल असे घड्याळ समोर ठेवावे. गेम जे फुकट पुरवतो, ते अभ्यासाला आपण मुद्दाम पुरवायचे. सहा वर्षांखालील मुलांत औषधाआधी पालकांचे असे प्रशिक्षणच सुचवले जाते. मोठ्या मुलांत औषधाची भीती स्वाभाविक आहे. भूक मंदावते, झोप लांबते, उंचीची वाढ थोडी कमी होऊ शकते, म्हणून वजन-उंचीची नोंद डॉक्टरांकडे नियमित व्हायला हवी. व्यसन लागेल ही धास्ती मात्र पुराव्यांत टिकलेली नाही. लहानपणी उपचार घेतलेल्यांत पुढे व्यसनाधीनता वाढल्याचे दिसत नाही. अमेरिकेतल्या ५७९ मुलांच्या १४ महिन्यांच्या मोठ्या चाचणीत काटेकोरपणे दिलेल्या औषधाने मुख्य लक्षणे वर्तनोपचारापेक्षा जास्त कमी झाली, पण तीन वर्षांनी गटांमधला तो फरक उरला नव्हता. म्हणून औषध सुरू केले तरी घरातली आणि वर्गातली मांडणी बदलण्याचे काम टळत नाही. शिक्षकांनी डायरीत 'लक्ष देत नाही' एवढाच शेरा लिहिण्याऐवजी कोणत्या विषयात, किती मिनिटांनी आणि काय घडल्यावर लक्ष सुटले हे लिहिले, तर ती नोंद तपासणीच्या वेळी फार मोलाची ठरते.

पुढच्या भागात मुलींमधला एडीएचडी पाहू. तिथे धावपळ दिसत नाही, वर्गात त्रास होत नाही, आणि म्हणूनच निदान वर्षानुवर्षे लांबते.