मोतीबाईच्या मागावर

उतारवयातली नटी, गाजलेले दिवस मागे पडलेले आणि गावात एक संशयास्पद मृत्यू. ‘कोझी मिस्टरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांचा हा एक आवडता साचा. मराठी वाचकांत त्यांचा विषय निघाला की कोणीतरी झाशीचे नाव काढते: त्यात नवल काय, आपल्याकडे मोतीबाई होतीच की! या ‘होतीच की’मधले बरेच काही तपासून घ्यायला हवे. अशा प्रचलित समजुती एकेक करून पाहू.

मोतीबाई ही भारतातली पहिली नटी-डिटेक्टिव्ह.

झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्या रंगशाळेतली नटी आणि पुढे राणी लक्ष्मीबाईसाठी शत्रूच्या गोटातल्या बातम्या काढणारी स्त्री, ही मोतीबाईची ओळख प्रामुख्याने वृंदावनलाल वर्मा यांच्या हिंदी कादंबरीने रुजवली. ही कादंबरी १९४६ची, म्हणजे १८५७-५८च्या घटनांनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी आलेली. वर्मा झाशीचेच वकील. जुन्या घराण्यांतल्या आठवणी त्यांनी कष्टाने गोळा केल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या पानांना तिथल्या मातीचा वास आहे. विश्वास बसतो तो यामुळेच. पण कादंबरीतले संवाद आणि मनातले विचार कादंबरीकाराचे असतात, दप्तरातले नव्हेत. इंग्रजांच्या वेढ्याच्या काळात झाशीत अडकलेल्या गोडसे भटजींनीदेखील ‘माझा प्रवास’ सुमारे २५ वर्षांनी, आठवणीतून लिहिला.

दुसरा घोटाळा आपल्या भाषेनेच केला आहे. मराठीत ‘गुप्तहेर’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या माणसांसाठी वापरला जातो. एक बातमी काढून धन्याला पोचवतो आणि दुसरा घडून गेलेल्या गुन्ह्याचा माग काढतो. कथेतली मोतीबाई पहिल्या प्रकारची. नट, नर्तक, गायक आणि त्यांच्या बायका यांचा असा उपयोग कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही सांगितला आहे. हौशी डिटेक्टिव्हला कोणी नेमलेले नसते. मृत्यूचे कारण पटत नाही, एवढ्याच कारणाने ती प्रश्न विचारत सुटते. शब्द एक असला तरी धंदे दोन आहेत.

किल्ल्यात तिची समाधी आहे, म्हणजे सगळी कथा खरी.

झाशीच्या किल्ल्यात गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांचे स्मारक आहे. तिथे तिची ओळख तोफ चालवणारी म्हणून सांगितली जाते. नटी, हेर आणि गोलंदाज ही तीन आयुष्ये लोकस्मृतीने एकाच बाईला देऊन टाकली आहेत. दगडासमोर उभे राहिले की शंका घेणे उद्धटपणाचे वाटते, हे समजण्यासारखे आहे. तरीही पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या माहितीत या तिघांच्या बलिदानाची तारीख ४ जून १८५८ आढळते, आणि तिथे कोणत्याही रहस्यकथावाचकाने थबकावे. ब्रिटिश सेनापती ह्यू रोजच्या फौजेने निकराचा हल्ला केला तो ३ एप्रिलला. त्यानंतर लगेचच राणी रात्रीच्या अंधारात किल्ल्याबाहेर पडली आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात झाशी पडली. जूनच्या सुरुवातीला राणी ग्वाल्हेरला होती. मग ४ जूनला झाशीचा किल्ला लढवत कोण होते? स्मारकातून लोकांचे प्रेम सिद्ध होते. तारीख सिद्ध करायला दुसरा पुरावा लागतो.

नाटकशाळा म्हणजे नाटकगृह, आणि तिथल्या सगळ्या बायका नटी.

आजच्या कानाला शब्द तसाच वाटतो. पेशवाईच्या काळातल्या मराठीत मात्र ‘नाटकशाळा’ ही इमारत नसून बाई असायची: पदरी ठेवलेली नाचगाणी करणारी स्त्री, बहुतेकदा रक्षा. तेव्हा ‘अमक्याच्या पदरी इतक्या नाटकशाळा’ असे जुन्या कागदात वाचून त्याने इतकी थिएटरे बांधली असे समजणारा वाचक मूर्ख नसतो, तो आजची मराठी वाचत असतो. गंगाधररावांचे नाटकवेड यातून खोटे ठरत नाही. ते स्वतः स्त्रीवेश घेत, असे गोडसे भटजींनी लिहिले आहे. पण दरबारातली नर्तकी आणि भूमिका करणारी नटी यांतली रेघ त्या काळी पुसट होती. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत मराठी नाटक उभे केले तेव्हाही बायकांची सोंगे पुरुषच काढत होते. झाशीच्या राजाचा स्त्रीवेश म्हणूनच वाटतो तितका विक्षिप्त नाही.

‘मर्डर, शी रोट’ या मालिकेतली जेसिका फ्लेचर ही निवृत्त नटी.

नाही, ती लेखिका आहे. नटी होत्या त्या ती भूमिका १९८४ ते १९९६ अशी बारा वर्षे करणाऱ्या अँजेला लान्सबरी. मालिका सुरू झाली तेव्हा त्यांचे वय ५८ होते. त्याआधी १९८०च्या चित्रपटात त्या मिस मार्पलही झाल्या होत्या, त्यामुळे कलावंत आणि पात्र यांची सरमिसळ होणे स्वाभाविक. खऱ्याखुऱ्या वृद्ध नट्या तपास करताना पाहायच्या असतील तर मॅरियन बॅबसन यांच्या १९८६पासूनच्या कादंबऱ्यांतली ट्रिक्सी डोलन आणि इव्हॅन्जेलीन सिंक्लेअर ही जोडी शोधावी.

नटी तपास करणार ती वेषांतराच्या जोरावर. वय झाले की तेही संपले.

दाढीमिशा लावणाऱ्या गुप्तहेरांवर वाढलेल्या पिढ्यांना असे वाटणारच. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड यांनी शिकवलेले सहजी विसरले जात नाही. पण नटीचे खरे भांडवल रंगपेटीत नसते. नाटकातला चहाचा कप बहुतेकदा रिकामा असतो. त्या रिकाम्या कपातून शेकडो प्रयोग चहा प्यायलेल्या बाईला भरलेला कप उचलताना मनगट कसे जड होते आणि नजर क्षणभर काठाकडे कशी जाते, हे नेमके माहीत असते, कारण तिला ते रोज खोटे खोटे करावे लागले आहे. खुनाच्या वेळी आपण निवांत चहा घेत होतो, असे करून दाखवणाऱ्या साक्षीदाराचा हात तिच्यासमोर फार हलका उचलला गेला की संपले. पाठ केलेले वाक्य आणि सुचलेले वाक्य यांतला फरकही तिला तसाच ऐकू येतो.

वय तर इथे कामालाच येते. अ‍ॅगथा ख्रिस्तीने १९२७ मध्ये मिस मार्पलला पहिल्यांदा कथेत आणले ते हेच ओळखून: म्हातारीसमोर माणसे सावध राहत नाहीत. जुनी नटी असेल तर उलट आपणहून खुर्ची ओढून बसतात, जुन्या नाटकांच्या आठवणी काढतात आणि नको ते बोलून जातात.

असल्या शांत, बेताच्या रक्तपाताच्या कथांना मराठी वातावरण मानवणार नाही.

या प्रकाराला हवे असते मोजक्या माणसांचे बंदिस्त जग, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात. इंग्रजी लेखक त्यासाठी खेडे घेतात. दौऱ्यावर निघालेल्या नाटक मंडळींची बस त्याहून बंदिस्त असते. पंधरा-वीस माणसे, सेटचे सामान, एकाच हॉटेलातला मुक्काम आणि वर्षानुवर्षांचे हेवेदावे. कोणाची जागा कोणती हे ठरलेले. प्रयोगानंतर रात्री बस सुटताना मागची एक जागा रिकामी आहे, हे मॅनेजरच्या आधी लक्षात येते ते पुढच्या सीटवर शाल पांघरून, डोळे मिटून बसलेल्या बाईंच्या. त्या जागेवरून रोज येणारा खोकला आज आलेला नसतो.